तीन चौकोन

दरवर्षी जुलैत, दापोलीच्या कॉलेजात,
मी फळ्यावर तीन चौकोन काढते.
पहिला लहानसा, क्षणभराचा:
नुसतं डोळ्यांपुढून गेलेलं, कानावरून गेलेलं.
दुसऱ्यात सातेक गोष्टी मावतात,
फार तर नऊ, माणूस दमलेला असला तर पाच.
तिसरा मोठा. त्याची उजवी बाजू मी काढतच नाही,
फळाच संपतो.
मधल्या बाणावर लिहायचं: उजळणी.
पोरं पट्टीने चौकोन आखतात.
काहींचा तिसरा दुसऱ्याहून लहान येतो.
मी दुरुस्त करत नाही.

यंदा दिवाळीनंतर प्रात्यक्षिकासाठी माणूस हवा होता.
हर्णैला गेले, संध्याकाळच्या लिलावाला.
बैलगाड्या पाण्यातून वर येत होत्या,
बैलांच्या पोटापर्यंत ओलं.
येसूबाय चोगले पुकारा करत होती.
लिहीत काहीच नाही. कानावर पेन्सिलसुद्धा नाही.
एकोणतीस टोपल्या, कुणाची कुठली, कितीला सुटली,
कुणी निम्मे टेकवले, कोण उद्या देतो म्हणाला,
आणि कोण नारळी पुनवेपासून उद्याच देतोय.

गर्दी पांगल्यावर मी तक्ता काढला.
आकडे सांगते, तसेच परत सांगा.
चार, नऊ, एक, सात, तीन, आठ.
"चार, नऊ..." ती थांबली.
"कशाचे गो हे? बांगड्याचे का सुरमईचे?"
कशाचेच नाहीत, म्हटलं.
"मग ठेवू कुठं?"

तक्त्यावर मी लिहिलं: दोन.
सरासरीपेक्षा बरंच कमी.

एका जर्मन माणसाने, वर्गात सांगते मी,
अर्थ नसलेली अक्षरं पाठ केली,
आणि किती विसरतो ते मोजत बसला.
तासाभरात निम्म्याहून जास्त गेलं. मग हळूहळू.
त्याची ती रेघ मी खडूने काढते तेव्हा
कर्द्याची ओहोटी काढल्यासारखी येते:
आधी झपकन खाली, मग लांबच लांब सपाट.
सपाट भागात काय उरतं, पोरं विचारतात.
परीक्षेला नाही, म्हणते मी.

येसूबायला मी सहज म्हटलं,
मला एक पक्कं आठवतं. 'मत्स्यगंधा' जळाली ती रात्र.
सहा वर्षांची होते. बाबांच्या खांद्यावर,
त्यांचा निळा शर्ट पाण्याने चिंब,
डिझेलचा वास, आणि जाळाच्या उजेडात
सुवर्णदुर्गाचा तट दगड न् दगड दिसत होता.

ती हातातला बर्फ पाटीत टाकत राहिली.
"तू नव्हतीस.
तू पालगडला, मामाकडे. गोवर आलेला तुला.
आल्यावर माझ्या मागं मागं, काकी सांग, परत सांग.
दगड न् दगड दिसत होता, ते माझं बोलणं."

पलीकडे तिचा दीर जाळं सांधत होता.
न विचारता म्हणाला, जळली कुठं? फुटली ती.
खडकावर. जळली ती वेगळी, दुसऱ्या साली.
"तुला काय ठावं," येसूबाय म्हणाली, "तू तेव्हा मुंबईला गोदीत."
मग दोघं बराच वेळ भांडली, सालावरून,
वाऱ्यावरून, तांडेल कोण होता त्यावरून.
त्याचे हात चालूच. जिथे फाटलं तिथे नवं सूत,
कुठे हिरवं, कुठे निळं,
मूळचं पांढरं आता शोधावं लागेल.
तरी विचारलं तर म्हणेल, बापाचं जाळं आहे.

रात्री एसटीत मी पुन्हा बघितलं.
गोवर आठवतो का? नाही.
पालगड? मामाचा मांडव, तांबडी कोंबडी, बास.
ते खरं असूनही
कोणी सांगितलंच नव्हतं मला.

सोमवारी वर्गात तीन चौकोन काढले.
मागच्या बाकावरचा शेहबाज म्हणाला,
मॅडम, तिसऱ्यातून बाहेर बाण नाही काढला.
काढला मी. तो कुठे नेऊ कळेना,
फळ्याच्या चौकटीशी जाऊन थांबला,
खडू मोडला.

पुस्तकाप्रमाणे ती आठवण आता खोडायला हवी.
बाबांना खाली उतरवायला हवं, वाळूवरून घरी पाठवायला.
रोज एकदा बघते.
खांदा तिथेच आहे.
शर्ट अजून ओला.