निरंक

पंचवीस तारखेला तालुक्याला अहवाल जातो.
लाळ्या-खुरकूत : निरंक.
घटसर्प : निरंक.
फऱ्या : निरंक.
बाबू विचारतो, मॅडम, मोहटोल्यात तुम्ही करता तरी काय?

इंदूबाई नंदेश्वरच्या गायीच्या कानाची शीर टोचते.
एक थेंब काचेवर,
दुसऱ्या काचेच्या कडेने ओढून
वासराच्या जिभेच्या आकाराचा पातळ करते,
पंचवीस मिनिटं जांभळ्या गिमसात ठेवते,
आणि मग एका डोळ्याने शोधत बसते
तांबड्या पेशीत
स्वल्पविरामाएवढा किडा.
शंभर चौकटी बघायच्या, असा नियम.
एकोणनव्वदाव्या चौकटीला मान अवघडते.
तिथेच सोडावं वाटतं.

फुलकन उईके, वनरक्षक, तिचाही एक तक्ता आहे.
पंचेचाळीस झाडं, छातीच्या उंचीवर पांढरा पट्टा,
पाच वर्षांतून एकदा टेप.
त्रेचाळीस नंबरचा बिजा : एकशे बारा सेंटीमीटर.
मागच्या वेळी एकशे बारा.
त्याच्या मागच्या वेळी, दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात,
एकशे बारा.
साहेब म्हणाले, चढवून टाक एखादा,
झाड काय साक्ष द्यायला येणार आहे?
तिने टेप गुंडाळली, पुन्हा सोडली,
सालीवर तळवा ठेवून थांबली
जशी मी थांबते गाभण गायीच्या कुशीवर.
"वाढलाच नाई जी तो. मी का करू?"

मग पुसातली ती रात्र.
आश्रमशाळेचे रहांगडाले सर,
सांडपाण्याच्या पाइपात आरसा बसवून केलेली दुर्बीण,
खळ्यात उभी.
तिकांड्याच्या वर एक तारा, ज्याला नाव नाही, नुसता नंबर.
त्याच्यासमोरून एक दगड जाणार होता
आपल्या तालुक्याएवढा,
आणि ताऱ्याच्या उजेडात पडलेली त्याची सावली
चिचगडकडून नवेगावकडे सरकणार होती
धानाच्या बांध्यांवरून, तणसाच्या ढिगांवरून,
एकही कुत्रं न भुंकवता.
तीन वाजून बारा मिनिटं. तारा विझेल. चार सेकंद.
"गणित आहे," सर म्हणाले, "पण दगडाला ते माहीत नाही."

बॅटऱ्या बंद केल्या. शेकोटीवर माती टाकली.
गोठ्यात इंदूबाईची गाय खोकली.
तीन बारा.
तीन तेरा.
तारा होता तिथेच होता.
तीन चौदा झाले तेव्हा फुलकनने श्वास सोडला, वाफ दिसली.

लाल कागद लावलेल्या बॅटरीखाली सरांनी लिहिलं :
तारा विझला नाही.
मी म्हटलं, काही दिसलं नाही, असंच ना?
"नाही मॅडम. तसं लिहिलं तर
आपण झोपलो होतो असाही अर्थ निघतो."

धनेश, सहावीतला, नुसत्या डोळ्यांनी बघत होता.
"मले तं लुकला दिसला जी!"
"तो लुकला का तू?"
पोरगं विचारात पडलं. खरंच पडलं.
"मालूम नाई जी."
सरांनी तेही उतरवलं :
एक निरीक्षक, वय अकरा, खात्री नाही.

सकाळी साकोलीहून फोन.
तिथे विझला होता. अडीच सेकंद.
म्हणजे सावलीची कड
त्यांच्या खळ्याच्या आणि आमच्या खळ्याच्या मधून गेली.
सर चहा विसरून रेघ मारत बसले,
आणि रेघेच्या अलीकडे आमचा छोटासा नकार,
ठिपक्यासारखा, पक्का.

मी गोठ्यात गेले.
गायीला ताप एकशे चार. खांद्यापुढची गाठ सुजलेली.
कालची काच स्वच्छ, म्हणून आज नवी.
इंदूबाई दारात, पदराचं टोक दातात.
पन्नास. सत्तर. एकोणनव्वद, मान.
नव्व्याण्णव.
शंभर चौकटी संपल्या.
तक्त्यात तो शब्द लिहायला पेन उघडलं,
बंद केलं,
आणि काच केसभर सरकवली.
एकशे एक.