तीनशे मिलिसेकंद

वडगावात, बसलिंगप्पांच्या दुकानात
मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेय.
स्क्रीनवर त्यांच्या सव्वीस साड्या.
माऊस वर गेला की पदर उघडतो,
काठ, पोत, वजन, किंमत, सगळं एका दमात.
मला ते आवडलं होतं.
रात्री दोन वाजता तर फारच.

बसलिंगप्पांनी माऊस धरला,
खालच्या जांभळीकडं निघाले
आणि वाटेत नऊ पदर
उघडले, मिटले, उघडले, मिटले,
वाऱ्यावर खिडक्या आपटाव्यात तसे.

"काय हो हे," ते म्हणाले,
"गिऱ्हाईक नुसतं रस्त्यानं चाललंय,
खरं आम्ही घड्या मोडून बसलोय!"

तेवढ्यात एक बाई आत आली.
"मल्लेशकडं बघा," ते हळूच म्हणाले.
तिची नजर कपाटावरनं चालली होती,
हिरवी, मोरपंखी, परत हिरवी.
गादीवरचा मल्लेश हलला नाही.
चहाचा कप खाली ठेवला, एवढंच.
नजर एका कुसुंबीवर टेकली,
टेकून राहिली,
तेव्हा कुठं त्याचा हात उठला.
आणि बाईनं मान वळवली तर
तो हात अर्ध्यातनंच
मानेकडं गेला, खाजवायला.

मी लिहिलं:
माऊस आत आला तर लगेच काही करू नकोस.
टायमर लाव. मोज.
बाहेर गेला तर टायमर मोड
आणि काही झालंच नव्हतं असं वाग.

दीडशेला अजून फडफड होती.
आठशेला बसलिंगप्पा म्हणाले, "झोपलं काय हे?"
तीनशेवर दोघांचं जमलं.
मागच्या खोलीत यंत्रमाग चालू होता.
धोटा एकदा जाऊन यायला किती वेळ लागतो,
मोजायला हवं होतं. राहिलं.

मल्लेशनं स्वतः फिरवून बघितलं.
सव्वीस साड्यांवरनं बाण सरळ निघून गेला,
एकही पदर हलला नाही.
"आता शिकलं," म्हणाला,
आणि दुकानात आलेल्या पोराकडं वळला.

बाहेर अंधार पडला होता.
रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं,
तोंड उघडलं, आणि थांबला.
माझं कपाळ, माझी पिशवी, हातातला फोन,
कुठल्या भाषेत विचारायचं
हे त्याचं ठरत नव्हतं.
मीही थांबले.
आमच्या गावात हे सगळेच करतात,
दूधवाला, बँकेतली बाई, शाळेतली पोरं,
कुणी कुणाला शिकवलेलं नाही.
दीडशेला चुकतं.
आठशेला समोरच्याला कळतं
की आपण त्याला तोलतोय.

"एल्लिगे?" म्हणाला शेवटी.
"टिळकवाडी," मी म्हणाले.
ते दोन्हीत तेच.
त्यानं मान हलवली, किक मारली.
मीटर नेहमीसारखा बंद.