पाठीमागची खोली

सोलापूरहून निघाले तेव्हा नळाला पाणी यायला दोन दिवस होते.
पिंपांवर झाकणं ठेवली, कुलूप दोनदा ओढून पाहिलं.
सुट्टी दोन दिवसांची. प्रवास वजा जाता, दीड.

रत्नागिरी ठरली होती, रत्नागिरीत कुठे ते ठरत नव्हतं.
ऑडिटमधले कुंभोजकर म्हणाले, मारुती मंदिरापाशी उतरा,
लिफ्ट आहे, थाळी आहे, बाहेर पडायचीसुद्धा गरज नाही.
त्यांच्या बायकोनं फोन ओढून घेतला, मांडवी म्हणाली,
आणि त्या दोघांचं कुठलं तरी जुनं भांडण
पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.
मी हळूच फोन ठेवला.

स्टँडवर इरफान होडेकरांनी पिशवी रिक्षात ठेवत विचारलं,
'कसली गल्ली पायजे?'
बेचाळीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
लग्नाआधी वडील ठरवायचे, नंतर सासरे, मग एलटीसीचे नियम.
तोंडाला आलं ते बोलून गेले:
जिथं सकाळी कुणीतरी कुणाला तरी नावानं हाक मारतं, तसली.
ते हसले नाहीत. मीटर पाडला. म्हणाले, 'मग राजिवडा.'

उतार. आणखी उतार.
स्कूटरच्या सीटवर जाळं पसरून एक म्हातारा
भोक शोधत होता, चष्म्याच्या वरून.
बर्फाच्या चुऱ्यात पाय ठेवत शाळेची पोरं चालली होती.
तागडीच्या रिकाम्या पारड्यात
कान फाटलेलं मांजर, स्वतःचं वजन करून घेत.
आणि वास. वासाबद्दल कुंभोजकरांनी सांगितलंच असतं,
मी फोन ठेवला नसता तर.

खैरुन्निसा फणसोपकरांच्या माडीवर दोन खोल्या,
मुलगा कुवेतहून येईल म्हणून बांधलेल्या.
खाडीकडची नऊशे, गल्लीकडची सहाशे.
मी अर्थातच खाडी घेतली.
एवढ्या लांबून माणूस भिंत बघायला येतं का?

रात्री वाऱ्यानं बिजागरी बोलायला लागली.
गजांना हात लावला, तर तळव्यावर गंज.
ओठ खारट. उशी ओली, न रडता.
भरतीला होड्या निघाल्या, इंजिनं खोकत,
एकेक दिवा काळोखात पुढे सरकत गेला
आणि दिसेनासा झाला तरी मी बघतच राहिले.
कशाची वाट बघत होते, कोण जाणे. माझं तिकडे कुणी नव्हतं.

सकाळी त्या चहा घेऊन आल्या, माझे डोळे पाहिले.
'आमची खाडीकडं पाठ असते, बाय.
चूल गल्लीकडं, बसणं गल्लीकडं.
खिडकीत उभं राहून वाट बघितली तर
माणूस लवकर येत नाय, भात मात्र करपतो.'
आणि खाट उचलायला एका बाजूनं स्वतःच वाकल्या.

गल्लीकडच्या खिडकीत खरंच काही नव्हतं.
समोरच्या पत्र्यावर वाळत घातलेला गणवेश,
त्याची एक बाही दुसरीच्या खांद्यावर.
'रुबीनाऽऽ' कुणीतरी ओरडलं.
'आलेऽऽ' रुबीना म्हणाली, आली नाही.
पुन्हा 'रुबीनाऽऽ'.
असं अकरा वाजेपर्यंत.
मी किल्ला पाहिला नाही, दीपगृह पाहिलं नाही.
रुबीना कोण तेही शेवटपर्यंत कळलं नाही.

निघताना त्यांनी तीनशे परत केले.
मी नको म्हटलं, तर सुकटीच्या पुडीत घालून पिशवीत कोंबले.
ते अजून तसेच आहेत. वास जात नाही, म्हणून खर्च होत नाहीत.

घरी आले त्या पहाटे साडेचारला
खालच्या जिन्यातून आवाज आला:
'हत्तुरे बाईऽऽ, पाणी!'
वीस वर्षं या हाकेनं मी वैतागून उठते.
'आलेऽऽ' म्हटलं.
आणि थोडा वेळ
तशीच पडून राहिले.