घर क्रमांक एकतीस

पहाटे साडेचारला गोल पहाडियाच्या चढावर
आम्ही सहाजण, चार कुंचे, एक निळा पिंप.
चुना रात्रभर खदखदून
आता कुठे निवलेला.
नसीम डिंक ओततो, भूपेंद्र मीठ.
माप कुणालाच धड माहीत नाही;
पहिल्या वर्षी एकाच वळवात सगळं पांढरं
गटारातून वाहून गेलं होतं.
तेव्हापासून शरयू ढवळते
आणि बाकीचे गप्प बसतात.

इथल्या घरांना पाटोर म्हणतात.
भिंतींवर आडव्या टाकलेल्या दगडी पट्ट्या, लाल,
वर गच्ची, खाली माणसं.
दगडाला विसरता येत नाही:
दुपारचं ऊन तो रात्री दोनपर्यंत
झोपलेल्यांच्या अंगावर सांगत बसतो.

वही माझ्याकडे.
शाळेत गणित शिकवते, म्हणून आकडे माझ्या वाट्याला.
पिस्तुलासारखा तापमापक छताकडे रोखायचा,
कळ दाबायची, लिहायचं.
पोरं मागे लागतात, "मॅडम, मला मारा, मला!"
एकाचं कपाळ छताशी बरोबरी करत होतं;
त्याला दवाखान्यात नेण्यात
एक अख्खी सकाळ गेली, एकही छत झालं नाही.

गेल्या साली नवतप्याच्या सहाव्या दिवशी
घर क्रमांक सतराच्या कमलाप्रसादांनी
जेवून दार लावून घेतलं.
दाखल्यावर हृदय लिहिलंय.
माझ्या वहीत सतरापुढचा रकाना
मी अजून कोराच ठेवलाय.

एकतीसला रामश्री कुशवाहानं शिडीच धरून ठेवली.
"छत पांढरं केलंत, तर माझे पापड कशावर वाळतील?"
शरयूनं हातवारे करून सांगितलं, मी आकड्यांनी:
चार अंश, रामश्री, घर चार अंशांनी निवतं.
"चार अंशांचे रुपये किती?"
हे उदाहरण मला सुटलं नाही.

मग तिनं सहजच विचारलं,
"आणि मास्टरनी, तुमच्या छताला लावलाय चुना?"

लष्करात माझ्या घरी एसी आहे.
त्याची पाठ गल्लीकडे.
खिडकीखाली एक भाजीवाला उभा राहायचा,
हल्ली नसतो.
मी पिंपातल्या बुडबुड्यांकडे बघत राहिले.
नसीमनं उगाचच कुंचा झटकला.

भूपेंद्र विटेचा तुकडा घेऊन वर चढला,
कोपऱ्यात एक चौकोन आखला:
"इथं नाही लावत, मावशी. हा तुमचा."
ती वर आली. चौकोन बघितला,
पायानं पुसला.
"तीनला इथं टाकीची सावली पडते."
चार हात सरकून, पदर खोचून,
तिनं स्वतः नवा आखला,
थोडा तिरका, उन्हाच्या चालीनं.
मग शरयूच्या हातातला कुंचा घेतला
आणि कडेकडेनं चुना लावत गेली;
एक थेंब आत नाही.

साडेसातला डोंगरावर ऊन आलं
तेव्हा त्या छताकडे बघवेना.
खाली आलो. हातांना चुना चावत होता,
तिनं खोबरेलाची बाटली पुढे केली, 
म्हणाली काहीच नाही.

दुपारी तीनला मी एकटीच पुन्हा गेले.
तिच्या सासऱ्यांची खाट आत होती,
म्हातारा चक्क घोरत होता.

घर क्रमांक एकतीस.
आधी सत्तेचाळीस. नंतर त्रेचाळीस.
शेरा: चौकोन सोडला आहे, उडदाच्या पापडांसाठी.
चौकोनाचं तापमान घेतलेलं नाही.
मी यंत्र रोखलं होतं;
ती म्हणाली, राहू द्या,
बोट लावलं की कळतं.