गंजभर

खेकड्याच्या बिळात टिक्यानं खांद्यापर्यंत हात घातला
आणि हात बाहेर आला तेव्हा
चिमटीत खेकडा नव्हता.

अंगठ्याएवढं काहीतरी,
कोवळ्या शिंगाड्याच्या गरासारखं,
कानांच्या जागी दोन काटे, आणि पोटात
एक थेंब, इकडून तिकडे लोळणारा.

"चावते का बे?"
"चाटून राह्यलं," टिक्या म्हणाला.
मे महिन्याच्या भर दुपारी त्याचा तळवा
दिवे लागेपर्यंत ओला होता.

आमच्या खैरबोडीच्या तलावात तेव्हा
पाणी म्हणाल तर म्हैस बसेल एवढं.
बाकी सगळी तडकलेली पापडी,
आणि प्रत्येक भेगेत, नीट वाकून पाहिलं तर,
डोळे.

आम्ही ओलके, ते म्हणाले.
उन्हाळाभर तलावाला त्याचं नाव सांगत बसतो.
नाही तर पाणी येतं, आणि
चुकीच्या घरी आल्यासारखं निघून जातं.

उद्या पिवळी मशीन येणार होती.
गाळ उचलून वीटभट्टीवर नेणार होती.
भट्टीत विटा भाजतात.
यापुढचं टिक्यानं मला बोलू दिलं नाही.

मायचा मोठा गंज मी चुलीमागून काढला,
बुडाला काळा, काठाला चेपलेला,
मामाचं नाव कोरलेला.
आत ओलं गोणपाट, वर पळसाची पानं.
चंद्रकला आली, तिच्या बापाची चोरबत्ती घेऊन.
उजेड त्यांना सोसत नाही, म्हणून बंदच,
तरी घट्ट धरून. भीती होती ना.

भेगेत बोट घालायचं. थांबायचं.
बोटाला गार लागलं की हळूच वर.
अट फक्त एक. सगळ्यांत म्हातारा,
शेवाळाच्या मिशीचा, तो म्हणाला :
"मोजू नका.
मोजलं की आम्ही तेवढेच राहतो."

आता टिक्या म्हणजे कोण?
नुकतेच एकोणतीसपर्यंत पाढे आलेला टिक्या.
छपराची कवेलू मोजत झोपणारा,
माझ्या शिंकासुद्धा लक्षात ठेवणारा.
त्यानं वाळला मोह मूठभर तोंडात कोंबला
आणि गाल फुगवून, डोळे वटारून
एक आकडा जिभेवर येऊ दिला नाही.

नदीच्या डोहाकडे निघालो,
तेंदूच्या झुडपांतून, पायाखाली पाचोळा
चहाडी केल्यासारखा वाजत.
गंज जड होत गेला. घागरीसारखा नाही,
झोपलेल्या लेकरासारखा.

वळणावर खाटेवर मशीनवाल्यांचा मुन्शी.
कानावर पेन, मांडीवर वही.
वहीत सगळं होतं : ट्रिपा, मजूर, डिझेल,
आमचा तलावसुद्धा, लांबी रुंदी खोली.

"ए पोट्टेहो, काय नेऊन राह्यले?"
"गंज," चंद्रकला म्हणाली.
"दिसते मले. आत काय?"
"झिंगे."
"किती?"

गोणपाटाखाली सगळे थेंब जागच्या जागी थांबले.
टिक्याच्या ओठांवर आकडा आला, मला दिसला,
दुधाच्या दातासारखा हलत होता.
त्यानं मोह गिळला. आभाळाकडे पाहिलं.
आणि म्हणाला :
"गंज."

"अबे, गंज म्हणजे किती?"
"गंज म्हणजे गंज, भाऊ. गंजच."

मुन्शीनं वही चाळली. गंज लिहायला
तिच्यात रकाना नव्हता.
माशी हाकलतात तसा त्यानं हात हलवला.

डोहात सोडले तेव्हा आवाज झाला नाही.
काठावरचा बगळा फक्त एक पाऊल सरकला,
पाहुण्यांना जागा करून दिल्यासारखा.
गाळ निघाला की परत न्यायचे आहेत.
तोवर कोणाला सांगायचं नाही. चंद्रकलानं
तिच्या बापाची शपथ घेतली, आणि चोरबत्तीचीही.

सकाळी मायनं भातासाठी गंज ओढला
आणि थबकली.
"कोनं पानी ठेवलं याच्यात?"

आम्ही वाकून पाहिलं.
बुडाशी काहीतरी लोळत होतं, इकडून तिकडे.
म्हणजे राहिले होते.
किती, ते टिक्या म्हणाला नाही.
मी तर मनातसुद्धा नाही.