रकाना सतरा

आधी तीन दवाखान्यांच्या तीन वह्या होत्या.
देवगडची सिस्टर लिहायची: गुंगीत.
वेंगुर्ल्याची: झोपेत बडबडतो.
आमच्या मालवणच्या वहीत मी: बरा आहे, पाणी मागितलं.
डॉ. हळबे म्हणाल्या, या तिघांची बेरीज
कशी करू मी?

मग फॉर्म आला. अठ्ठावीस पानं.
दुखवण्याचीसुद्धा रीत ठरली:
कुणी कानाची पाळी चिमटायचं, कुणी छाती रगडायचं,
आता सगळ्यांनी नखावर पेन, दहा सेकंद, मोजून.
मला बरं वाटलं. डोक्याला मार लागलेल्या माणसाला
निदान सगळीकडे सारखंच दुखेल.

रुपाजी खवणेकर, वय एकावन्न.
जाळं ओढताना दोर तुटला,
टोक उलटून कानामागे बसलं.
रस्ता अपघात, पडणे, मारहाण, इतर.
'इतर'पुढे जागा बोटाच्या पेराएवढी.
'दोर' लिहिलं. मावलं.

इजेची वेळ?
बरोबरचा पोरगा म्हणाला, पाणी पुरा भरान इला तेवा.
घड्याळ कुणाच्याच हातात नव्हतं.
सप्तमीची पहाट. साताची पाऊणकी सव्वापाच.
लिहिलं: ०५:१५.
हळबे मॅडमचा फोन: हे कुठून आणलंस?
म्हटलं, हर्णैपासून रेडीपर्यंत
कुठल्याही खलाशाला विचारा, हाच आकडा सांगेल.
पलीकडे थोडा वेळ नुसता
टाइप केल्याचा आवाज.

दुसऱ्या दिवशी रकाना सतरा. नाव, ठिकाण, दिवस.
"आज तारीख किती, रुपाजी?"
छताकडे बघत: "अष्टमी. भांगाचा पाणी."
तारीख सांगितली नाही. नियमाने चार. गोंधळलेला.
मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. पाच दिले.
समितीत वाद झाला, मी दोन एस.टी. बदलून गेले होते त्यासाठी.
पुढच्या आवृत्तीत तळटीप आली, मुंगीच्या अक्षरात:
तिथी चालेल.
ती तळटीप मी घरी नेऊन
आईला दाखवली होती.

सहा महिन्यांनी फोन.
प्रश्न तेच, शब्दही बदलायचे नाहीत.
बाजारात एकटे जाऊ शकतात का?
द्रौपदीबाई हसल्या. "बाजार माझो गो बाय.
ते कधी गेले बाजाराक?"
पूर्वीपेक्षा जास्त चिडतात का?
"पयलेसून चिडतत."
मी म्हटलं, जरा त्यांच्याकडे द्या.

पौर्णिमेचा दुसरा दिवस होता.
फोनमध्ये समुद्र इतका जवळ
की प्रश्न ओरडून विचारावा लागला.
"रुपाजी, आज काय?"
"अष्टमी," लगेच, खणखणीत. "भांगाचा पाणी."

द्रौपदीबाईंनी फोन परत घेतला.
"रोज हाच सांगतत. मी व्हय म्हणतंय."

जुना फॉर्म काढला. रकाना सतरा.
पाच. माझ्याच अक्षरात.
खोडायचीही रीत ठरलेली आहे:
एकच रेघ, खालचं दिसलं पाहिजे,
बाजूला सही, तारीख.
पण त्या दिवशी खरंच अष्टमी होती.

रेघ मारली नाही.
नव्या फॉर्मवर 'इतर'पुढे,
पेराएवढ्या जागेत,
पेन टेकवून बसले.
दहा सेकंदांच्या वर झाले असतील.
मोजले नाहीत.