तळाची लाकडं

ढीग रचण्याआधी दोन लाकडं आडवी टाकायची.
विकायची नाहीत ती. नुसती खाली राहायची,
म्हणजे वरचे ओंडके जमिनीला गोठून बसत नाहीत,
ट्रकवाल्याला ते उपटत बसावं लागत नाही.
हे मला तेरहोने शिकवलं, पहिल्याच दिवशी,
यंत्राची किल्ली हातात द्यायच्याही आधी.

कुहमोच्या पुढे, जंगलातली वाट जिथे रस्त्याला मिळते,
विजेच्या तारांपासून लांब,
पहाटे साडेपाचला मी दिवे लावते.
लोखंडी पंजा उघडतो, मिटतो.
स्प्रूसचे जाड बुंधे इकडे, त्यांच्या फळ्या होतील.
पाइन पलीकडे; लाल पट्ट्याची वेगळी, निळ्या पट्ट्याची आणखी वेगळी.
बारीक, वाकडं, गाठाळ, ते सगळं लगद्याला.
कुणी सांगावं, त्यातल्याच एका कागदावर
कुणाचा तरी घटस्फोट छापला जाईल.
शेंडे नि फांद्या भट्टीला, गावाच्या नळातल्या ऊन पाण्यासाठी.
तोंडं रस्त्याकडे, एका रेषेत.
एखादा पुढे आलाच तर पंज्याच्या पाठीने
हलकेच आत सारायचा,
प्रार्थनेच्या रांगेतल्या पोराला बाई सारतात तसा.

हिल्क्का आली, बर्फावर ढकलगाडी रेटत.
वय एकोणऐंशी. जंगल तिचं, सौद्यावर सही तिची.
"बर्च कुठल्या ढिगात?"
लगद्याच्या, मी म्हटलं. कोवळेपणी मूसने शेंडे खाल्लेत,
खोडाला कमरेत बाक आलाय. प्लायवूडवाले घेत नाहीत.
"भावाने लावली होती. आणि त्याच उन्हाळ्यात
स्वीडनला गेला, मोटारींच्या कारखान्यात."
मग जरा थांबून,
"त्यालाही प्लायवूडवाल्यांनी घेतलं नसतं."
हसली. वाफ तेवढी दिसली हसण्याची.

मी काही विचारलं नाही.
पंज्यात आलेली पहिली दोन बर्चची खोडं
आडवी टाकली, मधे चार पावलं सोडून,
आणि त्यांच्यावर रास चढवत गेले
दुपारपर्यंत, ती दिसेनाशी होईपर्यंत.

मार्चअखेर पुन्हा त्या रस्त्याने गेले.
ट्रक येऊन गेले होते.
सालींचा चुरा, तेलाचा एक डाग,
आणि ती दोन, अर्धी रुतलेली,
साल अजून पांढरी.
खरं तर उचलायला हवीत, तसा नियम आहे.
पावतीवर त्यांचा रकाना नाही.
मी पुढच्या जागेचा नकाशा उघडला
आणि इंजिन चालू ठेवून
बराच वेळ वाचत बसले,
पाठ असलेला रस्ता.